थंडीतला गळ

मुंबईला थंडी पडत नाही असे पुण्याचे लोक म्हणतात, आणि पुण्याला पडते ती थंडीच नव्हे असे नाशिकचे म्हणतात. हा वाद माणसांनी खुशाल चालू ठेवावा. माशांच्या दृष्टीने मुंबईला थंडी पडते, आणि ती केव्हा पडली हे पवईच्या तलावावर गळ टाकून बसणाऱ्याला वेधशाळेच्या आधी कळते. ऑक्टोबरात कणकेची गोळी पाण्यात पडते न पडते तोच ओढून नेणारा रोहू, डिसेंबरात तिच्याभोवती असा घुटमळतो की जणू पंगतीत त्याला तिसऱ्यांदा जिलबीचा आग्रह होतो आहे. नको म्हणत नाही, पण घेतही नाही.

कारण साधे आहे. मासा हा थंड रक्ताचा प्राणी. पाणी गार तसे त्याचे अंग गार, आणि अंग गार झाले की भूक मंदावते. रोहू-कटल्याची वाढ २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात झपाट्याने होते. पाणी १४ अंशांच्या खाली गेले तर ती जवळजवळ थांबतेच. पवईचे पाणी इतके कधी गारठत नाही, म्हणून इथला मासा उपास करीत नाही, फक्त बेताने जेवतो. त्यातून या कुळातल्या माशांना जठर नावाचा अवयवच नसतो. आपल्यासारखे एकदाच भरपेट जेवून वामकुक्षी करणे त्यांना जमण्यासारखे नाही. तोंडात दात नाहीत, ते घशात. तिथे घास चिरडायचा आणि सरळ आतड्यात ढकलायचा. म्हणून हा मासा दिवसभर थोडेथोडे टिपत राहतो, आणि थंडीत हे टिपणे इतके हलके होते की गळाचा फ्लोट बुडतच नाही. नुसता थरथरतो, नाहीतर तांदळाच्या दाण्याएवढा वर उचलला जातो, की पुन्हा जागच्या जागी. त्या तांदळाएवढ्या हालचालीत डिसेंबरचा सगळा खेळ असतो. ती दिसली आणि त्याच क्षणी काठीला हिसका दिला तर मासा तुमचा. एरवी गळ स्वच्छ आणि गोळी गायब.

हा खेळ मला लावला मास्तरांनी. त्यांचे नाव लिहीत नाही, कारण हा दिवाळी अंक त्यांच्या माजी विद्यार्थ्यांच्याही हाती पडेल आणि त्यांच्यापैकी कित्येकांना मास्तरांनी भूमितीत नापास केलेले आहे. आयुष्यभर शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले. थंडीतच मासे धरायला का जायचे, पावसाळ्याच्या तोंडावर का नाही, असे मी त्यांना पहिल्याच वर्षी विचारले होते. तेव्हा त्यांनी दोन कारणे सांगितली. एक, नाताळची सुट्टी त्याच वेळी असते. दुसरे, "सोपी उदाहरणं कोणीही सोडवतो." शाळा सुटून वर्षे झाली, सुट्टीचे कारण संपले, दुसरे अजून टिकून आहे.

पवईच्या तलावाबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण मुंबईतल्या पुष्कळ कुटुंबांना तो फक्त मोटारीच्या खिडकीतून माहीत असतो. शहराला पाणी हवे म्हणून आधी १८६० साली विहार झाला, १८७९ साली तुळशी झाला आणि १८९१ साली पवई. पहिले दोन अजून मुंबईला पाणी पाजतात. पवईचे पाणी मात्र पिण्याच्या लायकीचे राहिले नाही. ते बागांना आणि कारखान्यांना जाते, आणि पावसाळ्यात तलाव भरून वाहिला की मिठी नदीला मिळते. १९५८ साली स्थापन झालेली आय. आय. टी. काठावर आली, मग उंच इमारती आल्या, जलपर्णी आली, आणि मगरी होत्या त्या राहिल्याच. थंडीत त्या उन्हाला येऊन पडतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात खडकावर जबडा उघडून पडलेली मगर लांबून पाहण्यासारखी असते. लांबून हा शब्द महत्त्वाचा.

आणि मासे? या तलावातले मोठे मासे इथले नव्हेत. कटला, रोहू आणि मृगळ ही तिन्ही भावंडे मूळ गंगेच्या खोऱ्यातली. पावसाळ्यात वाहत्या नदीच्या पुरात ती अंडी घालतात. बांधलेल्या तलावात त्यांचा संसार सहसा फळत नाही. म्हणजे आपल्या गळाला लागणारा प्रत्येक रोहू कोणीतरी, केव्हातरी, बोटाएवढा असताना हाताने आणून सोडलेला असतो. मत्स्यखात्याच्या भाषेत आधी ते जिरे, मग अर्धबोटुकली, मग बोटुकली. किती सुरेख शब्द आहेत हे! सरकारी कागदावर इतकी गोड मराठी क्वचितच सापडते. पूर्वी हे बीज बंगालच्या नद्यांतून, पुराच्या पाण्यातून गोळा करून आगगाडीने दूरदूर पाठवीत, आणि त्यात नको ते मासेही मिसळून येत. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातल्या अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच पियूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना तळ्यात अंडी घालायला लावले, आणि तेव्हापासून बीज हवे तिथे तयार होऊ लागले. ही गोष्ट मास्तरांना फार आवडते. गळाला मासा लागला की ते त्याला "या, पाहुणे" म्हणतात ते त्यामुळेच.

तीन भावंडांच्या तीन तऱ्हा. कटल्याचे डोके हे एवढे मोठे, तोंड वर वळलेले. तो पाण्याच्या वरच्या थरात तरंगते सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरातला, ओठांना बारीक झालर. मृगळ तळाशी चिखल हुंगत फिरणारा. एकाच तलावात तिघांना पोसता येते ते याचमुळे. कोणी कोणाच्या पानावर बसत नाही. (एकत्र कुटुंबपद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी या व्यवस्थेचा अभ्यास करावा.) थंडीत तिघेही जरा खोल सरकतात आणि ऊन चढल्यावर, दहा-अकराच्या सुमारास, हालू लागतात. मग पहाटे पाचला घरातून निघण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आमच्या दोन्ही घरांतून वर्षानुवर्षे विचारला गेला आहे. प्रयोजन चाऱ्याचे. मासा यायच्या आधी दोन-तीन तास त्याच्या वाटेवर चारा पडलेला असावा लागतो: शेंगदाण्याची पेंड, भाजलेला कोंडा, थोडा गूळ आणि भाजून कुटलेली मेथी. थंडीत हा चारा अगदी थोडा टाकायचा. जास्त टाकला की मासा त्यावरच भागवतो आणि गळाकडे ढुंकून पाहत नाही. मेथी किती भाजायची याबद्दल मास्तरांची मते कडक आहेत. काळी पडली की वास कडवट होतो आणि पाहुणे रुसतात.

हे सगळे काल-परवाचे शास्त्र आहे असे कोणी समजू नये. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात राजाने वेळ कसा रमवावा हे सांगताना 'मत्स्यविनोद' हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. कोणता मासा कोणत्या पाण्यात राहतो, त्याला काय खायला घालून वश करावे, गळ कसा टाकावा, असा सगळा तपशील. राजाला शोभणारी करमणूक आहे असे आम्ही घरी सांगून पाहिले. घरी त्याचा परिणाम झाला नाही.

घरी परिणाम न होण्याचे मुख्य कारण स्वयंपाकघरातले आहे. पापलेट, सुरमई, बांगडा जाणणाऱ्या मराठी घरात तळ्याच्या माशाला मान नाही. "चिखलाचा वास येतो," असे म्हणून विषय संपतो. वास येतो हे खरे. तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. पाण्यातल्या आणि मातीतल्या सूक्ष्म जीवांपासून ते तयार होते. गंमत अशी, की पहिल्या पावसानंतर जमिनीतून जो मृद्गंध येतो आणि ज्यावर आपले कवी इतके लुब्ध आहेत, त्यातही हेच द्रव्य असते. अंगणात आला तर सुगंध, ताटात आला तर दुर्गंध! आंबटाने ते बरेच मोडते, म्हणून चिंचेत किंवा लिंबात मासा मुरवून ठेवण्याची जुनी रीत शहाणपणाची आहे. आमच्या शेजारी एक बंगाली कुटुंब होते तोवर आमची चंगळ होती. कटल्याचे डोके दिसले की त्या बाईंचा चेहरा उजळे आणि संध्याकाळी मुगाच्या डाळीत शिजलेल्या त्या डोक्याचा वाटा आमच्याकडे येई. ते कुटुंब बदली होऊन गेले. अलीकडे तलावाच्या पाण्याची अवस्था पाहून आम्ही मासा घरी आणणेच सोडले आहे. ओल्या हाताने धरायचा, गळ काढायचा, सोडून द्यायचा. हात ओला अशासाठी, की त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर कोरड्या हाताने निघतो आणि तिथे रोग धरतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतले तिच्याकडे येतो. तीन वर्षांपूर्वी मास्तर शेजारच्या मुलाला आलेख शिकवीत होते. मध्येच थांबून ते म्हणाले, "हा कागद खराब छापलाय. रेघा वाकड्या आहेत." मुलाला त्या सरळ दिसत होत्या. डॉक्टरांनी तपासले तेव्हा त्यांच्यापुढेही असाच चौकटींचा कागद धरला, आणि रेघा पुन्हा वाकल्या. डोळ्यांच्या पडद्याचा नेमका मधला भाग झिजत चालला आहे. हे म्हातारपणाचे दुखणे आहे. चष्म्याने सुधारत नाही. डोळ्यात इंजेक्शने देतात ती आहे ते टिकावे म्हणून. कडेचे सगळे दिसते. दार, खुर्ची, समोरून येणारा माणूस, पाण्यावरची पाणकोंबडी. ज्याच्याकडे रोखून पाहावे तेवढेच दिसत नाही.

आणि फ्लोट ही तर रोखून पाहायचीच वस्तू. मोरपिसाचा देठ कापून त्याला तांबडा ठिपका दिलेला, पंधरा हात लांब पाण्यात उभा. मास्तर त्याच्याकडे पाहायचे आणि नेमका तोच नाहीसा व्हायचा. मग ते जरा डावीकडे, जलपर्णीकडे पाहत बसायचे. म्हणजे तांबडा ठिपका डोळ्यांच्या कडेला उगवायचा. पण कडेच्या नजरेला ठिपका आहे एवढेच कळते. तो तांदळाएवढा हलला का, हे कळत नाही.

पहिल्या थंडीत आम्ही एक तोड काढली. काठी मास्तरांच्या हातात, आणि फ्लोटवर नजर माझी. हालचाल झाली की मी "हं" म्हणायचे आणि त्यांनी हिसका द्यायचा. ऐकायला ठीक वाटते. पण डोळ्याने पाहिलेले तोंडाने बोलेपर्यंत, आणि बोललेले कानातून हातात उतरेपर्यंत थंडीतला रोहू चार घरी जाऊन येतो. साऱ्या मोसमात दोन मासे मिळाले, तेही बहुधा आमची दया येऊन. मास्तर काही बोलले नाहीत. डबा उघडताना एकदा एवढेच म्हणाले, "दोघांत मिळून एक माणूस पुरा होत नाही, राव."

त्यांची मुलगी परदेशात असते. तिला हे कळल्यावर तिने एक यंत्र पाठवले. विलायतेत कार्प धरणारे लोक ते वापरतात. काठी त्याच्यावर टेकवून ठेवायची. दोर जरा सरकला की यंत्र किंचाळते आणि दिवा लागतो. तिकडे लोक तंबूत झोपा काढतात आणि यंत्राने हाक मारली की उठतात, असे तिने कळवले होते. मास्तरांनी यंत्र उलटसुलट करून पाहिले आणि अतिशय सौम्यपणे पेटीत परत ठेवले. "म्हणजे पेपर मुलाने सोडवायचा आणि मी नुसती घंटा वाजवायची," ते म्हणाले. मला विचाराल तर यंत्रात काही वाईट नाही. पण माणूस कशासाठी बसतो हे यंत्र पाठवणाऱ्याला ठाऊक नसेल तर भेट चुकते. तो माशासाठी बसत नाही. त्या एका क्षणी आपण जागे होतो की नाही, यासाठी बसतो.

त्याच मुलीचा गेल्या डिसेंबरात मला फोन आला. "काका, बाबांना आता पाण्याकडे जाऊ देऊ नका. मचाणाच्या फळीवरून पाय घसरला तर? शिवाय तिथे मगरी आहेत म्हणे. तुमचं ते ऐकतात, तुम्हीच सांगा." तिचे काही चुकत नव्हते. फळी अरुंद असते, पहाटे दवाने ओली असते, आणि खाली पाणी असते. "सांगतो," मी म्हटले. काय सांगतो ते बोललो नाही.

रविवारी मी त्यांना फोनची हकीगत जशीच्या तशी सांगितली. ते म्हणाले, "बरोबर आहे तिचं. उजेड पडल्यावर जाऊ." त्या दिवशी आम्ही आठला पोचलो. फळीवर पाय ठेवण्यापूर्वी त्यांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि मोजत निघाले. सतरा पावले. येताना पुन्हा सतरा भरली तेव्हा समाधानाने म्हणाले, "उत्तर पडताळून पाहिलेलं बरं." मचाणावर मात्र ते मला पाय आपटू देत नाहीत. माशाच्या वाताशयापासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८२० साली ती दाखवून दिली. तिच्यामुळे या कुळातले मासे फार तिखट कानाचे. आपले बोलणे हवेतून पाण्यात फारसे उतरत नाही, पण फळीवरचा टाच मारल्याचा ठोका खांबातून थेट जातो. म्हणून गप्पा चालतील, पावले नकोत. इतकी वर्षे वर्गात याच्या उलट नियम चालवावा लागला, असे ते म्हणतात.

त्या सकाळी त्यांनी पिशवीतून काठी काढली, तिला फ्लोट नव्हता. तंगुसात भोकाची शिशाची गोळी ओवलेली, पुढे हातभर मोकळा दोर आणि गळ. शिसे तळाशी बसते आणि दोर भोकातून सरकतो. माशाने ओढले तर त्याला शिशाचे ओझे लागत नाही. ही रीत नवी नव्हे, मृगळासाठी पुष्कळ लोक ती वापरतात. मास्तरांनी दोर ताणून घेतला, रिळाच्या पुढे तो डाव्या हाताच्या तर्जनीवर आडवा घेतला आणि डोळे मिटून बसले. मी माझ्या काठीचा फ्लोट पाहत बसलो. पाणकावळे पंख पसरून वाळवीत होते. टिटवी एकदा ओरडून गेली. दहा वाजले, साडेदहा वाजले. माझा फ्लोट रांगोळीतल्या रेघेसारखा स्थिर.

"आला," मास्तर हळूच म्हणाले. मी दोराकडे पाहिले. दोर पाण्यात जिथे शिरत होता तिथे काहीही हलत नव्हते. शपथेवर सांगतो, काही नव्हते. "घासून गेला नुसता. अंग लागलं त्याचं. हं... परत आलाय. आता तोंड लावतोय." त्यांचे बोट हलत नव्हते, चेहराही हलत नव्हता, वहीतल्या उदाहरणात मूल कुठे अडते आहे हे शेजारी उभे राहून पाहावे, तशी मान जराशी कललेली. मग मनगट एकदाच वर गेले आणि काठीची कमान झाली.

रोहू होता. पहिली धाव त्याने जलपर्णीकडे घेतली, दुसरी मचाणाच्या खांबाकडे. थंडीत तो धिम्या चालीने पण जड ओढतो. मास्तर दोर देत होते, घेत होते, आणि सारा वेळ पाहत होते भलतीकडेच, पलीकडच्या टेकडीकडे. जाळी मी लावली. साडेतीन किलो भरला. पाठ शेवाळी, कल्ल्यांपाशी तांबूस, खवल्याखवल्यात गुलाबी झाक. मास्तरांनी हात बुडवून त्याच्या अंगावरून एकदा फिरवला. खवल्यावर वाढीच्या कड्या असतात, त्यांवरून वय काढतात. ते त्यांना आता दिसणार नव्हते, म्हणून मला मोजायला लावले. नुसत्या डोळ्यांनी माझ्याही त्या मोजून होईनात. "राहू दे," ते म्हणाले, "पाहुण्याला वय विचारू नये," आणि त्याला पाण्यात धरून, कल्ले नीट हलू लागल्यावर सोडून दिले.

त्यानंतर जानेवारी संपेपर्यंत पाच रविवार गेलो. चार मासे त्यांना, एक मला. त्यातल्या एका दुपारी त्यांनी माझ्या हातात त्यांचा दोर दिला आणि डोळे मिटायला सांगितले. घासून जाणे आणि तोंड लावणे यांतला फरक माझ्या बोटाला अजून कळत नाही. घासणे म्हणजे दोरावरून एक सबंध घसट, आणि तोंड लावणे म्हणजे दोन छोटे ठोके व मध्ये जरा थांबणे, असे ते सांगतात. "येईल. तुम्हाला डोळे आहेत ना, म्हणून वेळ लागतोय," हे त्यांचे सांत्वन.

परदेशातून आलेले ते यंत्र वाया गेलेले नाही. मास्तरांच्या स्वयंपाकघरात ते दुधाच्या फडताळाला बांधले आहे आणि मांजर आले की किंचाळते. मुलीला मास्तरांनी खरे तेच कळवले, की यंत्र उत्तम चालते.

दिवाळीनंतर त्यांच्या डोळ्यांची पुन्हा तपासणी आहे. डिसेंबरचा दुसरा रविवार आम्ही ठरवला आहे, आठला फळीवर. तंगूस मी आणायचे, कणीक आणि पेंड त्यांच्याकडची. मेथी या वर्षी माझ्याकडे सोपवली आहे, आणि ती काळी होऊ देऊ नका, हे त्यांनी परवा फोनवर दोनदा बजावले.